बोटीचा ओटा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२४

दाऊदभाई यांस,

पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही मला ब्लॉक करून ठेवलंय. रोशनगेटच्या तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं मी चारचौघांत बोलून बसलोय. मग पोस्टाशिवाय उरलं काय? गावातल्या गावात पाकीट धाडतोय म्हणून पोस्टातली बाई हसली. हसू द्या.

सरळ विचारतो. बिल्किसला माझ्याकडं कशाला पाठवलं?

काल दुपारी दुकानापुढं टेम्पो थांबला. मागं पालथी घातलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट, आणि ड्रायव्हरशेजारून उतरली तुमची लेक. "सलाम चाचा. पहचाने क्या?"

मी म्हटलं, "नाक बापाचं आहे, न ओळखून जातो कुठं?"

हसली. बोट विद्यापीठातल्या तिच्या विभागाची. म्हणे कित्येक वर्षं मागच्या अंगणात पालथी पडून होती, पोरंपोरी तिच्यावर बसून डबे खायची. बारा फुटी. पत्रा चांगला जाड, आतून आडव्या पट्ट्या, सांधे वितळवून जोडलेले. काम कुणाचं ते माहीत नाही, पण हात साफ होता माणसाचा. ती पैठणच्या नाथसागरातल्या माशांचा अभ्यास करते, हे मला तिच्याकडूनच कळलं. आजवर कुणाकुणा भोयाच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायची. आता ही बोट तिच्या मॅडमनी काढून दिलीय. पुढच्या टोकाला उभं राहून जाळं टाकता यावं असा प्लॅटफॉर्म तिला हवाय, आणि त्याच्या पोटात सामान ठेवायला दोन खण. ती प्लॅटफॉर्म म्हणते, मी ओटा म्हणतो. ओट्याखाली डबे असतात तसंच आहे ते.

आता माझा संशय ऐका.

एक तर, बाप स्वतः अ‍ॅल्युमिनियमचं काम करतो आणि लेक बोट घेऊन बापाच्या जुन्या भागीदाराकडं येते. का? दुसरं, तिनं दिलेला नकाशा. मापं इंच आणि सुतात, बाणाच्या टोकाला बारीक ठिपका. तसा ठिपका या गावात एकच माणूस देतो. तिसरं, एका खणाला तिला कुलूप पाहिजे. माशाला कुलूप? विचारलं तर म्हणाली, वजनकाटा आणि पाणी तपासायचं यंत्र महाग आहे. असेल. पण चौथं ऐका. मी विचारलं, "अब्बूला माहीत आहे ना?" तर पोरगी माझ्या ड्रिल मशीनकडं बघत म्हणाली, "काम मेरा है चाचा. पैसा मेरी फेलोशिप का."

मी काय समजायचं? मी बद्रीनाथ आहे. आठवीत शाळा सुटली, पण पहिली सरकती खिडकी मी स्वतः उकलून, तिचे भाग सतरंजीवर मांडून शिकलो. मला कुणी शिकवलं नाही, आणि कुणी फसवलेलंही फार वेळ टिकत नाही. सहा वर्षांमागं त्या दवाखान्याच्या खिडक्यांचं काम आपल्या हातून गेलं. आपला दर दोघांनाच ठाऊक होता, आणि समोरच्यानं नेमका त्याच्या बोटभर खाली दर भरला. ते मी विसरलेलो नाही. आता माझ्या हातचं काम मागवून त्यात खोट काढायची, की नुसतं बघायचंय की बद्रीचा हात अजून चालतो का?

पोरीला मी नाही म्हटलेलं नाही. बोट आत घेतली आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय. उत्तर नाही आलं तर माझा संशय बरोबर धरेन.

बद्रीनाथ


गारखेडा
१९ जानेवारी

दाऊदभाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. चार ओळी. 'तुझं पत्र वाचलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. बोट देऊ नकोस. आत ठेव, कुलूप लाव.' पत्र लिहायची सवय नाही तुम्हाला, मला आहे असं नाही. पण माणसानं निदान बरं आहे का एवढं तरी विचारावं.

पहिल्यांदा वाटलं, नाटक आहे. चिठ्ठी उजेडात धरून बघितली. खरं सांगतो, अक्षर तपासलं. 'कुलूप'मधला ल नीट आला नव्हता. तुमचा हात कापला की तुमचा ल असाच होतो. तरी मी मानलं नाही. म्हटलं, दाऊद हुशार आहे, कापरा ल मुद्दाम काढील.

मग परवा बिल्किस आली. टेम्पो नाही, स्कूटी नाही, रिक्षातून. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "चाचा, खत तुमने लिखे?"

मी म्हटलं, "लिहिलं."

"क्यूं?"

"तुझ्या बापाला जाब विचारला मी. तुझं नाव त्यात आलं, एवढंच."

"एवढंच?" ती तिथंच ओट्याच्या सांगाड्यावर बसली. "चाचा, अब्बूको मालूमच नै था. मी पाण्यावर जाते हेच मालूम नै था. लॅबमें बैठके बाटल्या बघते, असंच वाटत होतं त्यांना. अब स्कूटीकी चाबी अम्मीके पास. जालन्याला खालाकडं पाठवायचं चाललंय. तुमने एक खत डाले और मेरे दो साल पानीमें."

तुमची भाभी, म्हणजे आमची आशाबाई, चहा घेऊन आली होती. ती माझ्याकडं असं बघत होती की मी कप तिच्याच हातात राहू दिला. ती म्हणाली, "तुम्हाला खिडकीच्या फटीतून वारा आला तरी वाटतं कुणी फुंकर घालतंय."

म्हणजे तुम्ही खरंच पाठवलं नव्हतं. ठीक आहे. ठिपक्याचं ती म्हणाली, लहानपणी तुमच्या मांडीवर बसून नकाशे बघायची, तेव्हा हात तसाच वळला. हेही ठीक.

पण दाऊदभाई, एक गोष्ट मला आता समजते. तुम्ही पाण्याला इतके का भ्यालात. पैठणच्या बंगल्याच्या खिडक्या बसवल्या तेव्हाची गोष्ट. काम झाल्यावर भोयांनी आपल्याला तराफ्यावर बसवलं. माझा फोटो काढायला तुम्ही उभे राहिलात आणि गेलात. तीन गटांगळ्या. कडूबा भोयानं केसाला धरून वर काढलं. मी ती गोष्ट दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, पाय वर करून दाखवायचो, आणि तुम्हीही हसायचात. मला वाटायचं, हसताय.

कामाचं सांगतो. सांगाडा झाला आहे. चौकोनी नळीचा, सव्वा इंची, दोन्ही अंगांना बोटीच्या पट्ट्यांवर टेकवलेला. लोखंडाचा एक खिळा वापरलेला नाही. पाण्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागलं की लोखंड अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतं, हे तुम्हाला सांगायला नको. सगळे रिवेट अ‍ॅल्युमिनियमचे. वर खडबडीत ठशांचा पत्रा बसवायचाय, पाय घसरू नये म्हणून.

उंचीवरून तुमच्या लेकीचं आणि माझं वाजलं होतं. मी ओटा बोटीच्या काठाच्या बरोबरीनं धरला होता. दिसायला झकास, एकसलग. ती म्हणाली, काठाच्या चार इंच खाली घ्या, माणूस जेवढा उंच उभा राहील तेवढी बोट कलंडायला टेकते. मी म्हटलं, "पोरी, मी गच्चीवरची पाण्याची टाकी उभी केलीय." ती म्हणाली, "टाकी चालत नाही चाचा." मी उंची बदलली नाही.

आता काम थांबवलं आहे. कुलूप लावलेलं नाही. का लावायचं ते तुम्ही सांगा. ती सव्वीस वर्षांची आहे.

बद्रीनाथ


गारखेडा
२ फेब्रुवारी

दाऊदभाई,

ताहेराभाभी आल्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तुमचं पाकीट. डब्यात नानखलिया. सहा वर्षांत तुमच्या घरचा खलिया इथं आला नव्हता, आणि नेमका पाकिटाबरोबर आला. मी झाकण उघडलं नाही. आशाबाईनं उघडलं, भाभींसमोर बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "तुम्ही संशय खा. मी हे खाते."

भाभी बराच वेळ बोटीकडं बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "भाईसाब, वो रात को उठके बैठ जाते. बोलते, बिल्किस के पाँव के नीचे लकडी हिल रही." मी म्हटलं, लाकूड नाही भाभी, अ‍ॅल्युमिनियम आहे. काय बोलायचं ते न कळलं की मी असलं काहीतरी बोलतो.

मग तुमचं पत्र वाचलं. तुम्ही लिहिता, 'मार्च जाऊ दे. तोवर बोट अडव. तिचा अभ्यास यंदा राहिला तर राहिला, पुढं बघू. एवढं केलंस तर मी स्वतः गारखेड्याला येतो, तुझ्या दुकानात बसून चहा पितो, आणि दवाखान्याच्या खिडक्यांचा दर कुणी फोडला ते सांगतो. मला माहीत आहे.'

तुम्हाला माहीत आहे!

दाऊद, सहा वर्षं मी एकेक माणूस मनात उभा करून तपासलाय. तुम्ही, तुमचा मेहुणा, आपला चहावाला, नकाशे झेरॉक्स करणारा. माझी स्वतःची बायकोसुद्धा. तिला हे सांगू नका. सहा वर्षं मी दुकानात मोठ्यानं दर बोललो नाही, गिऱ्हाइकाला कागदावर लिहून दाखवतो आणि तो कागद परत घेतो. आणि तुम्हाला माहीत होतं! तेव्हा का नाही सांगितलं? मी विचारलं नाही म्हणून? मी विचारलंच नाही, थेट म्हटलं की तूच फोडलास, हे खरं. पण माणूस म्हणतो तसं.

मी कुलूप लावलं. हो, लावलं. बोट आतल्या खोलीत सरकवली, शटर ओढलं, चावी कमरेला. बिल्किसला निरोप दिला की पत्रा मिळत नाही, उशीर होईल. ती फोनवर म्हणाली, "ठीक आहे चाचा." मार्चअखेर तिची फेलोशिप संपते, आणि तोवर फेब्रुवारी आणि मार्च या दोन्ही महिन्यांचे मासे मोजले गेले नाहीत तर मागचं सगळं रद्द, हे तिनं मला आधी सांगितलेलं होतं. पुन्हा सांगितलं नाही. मागितलंही नाही काही. तुमच्यासारखीच. तुम्ही काही मागत नाही, नुसतं माणसाला वाटत राहतं की आपण देणं लागतो.

तर मग असं ठरलं. मार्च जाऊ द्या. या. चहाला.

बद्रीनाथ

ता. क. खलिया चांगला होता. मीठ थोडं कमी.


गारखेडा
१४ फेब्रुवारी

दाऊदभाई,

कुलूप काढलं आहे. बोट दिली आहे. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की फाडायचं ते तुम्ही ठरवा.

पैठणहून कडूबा भोयाचा फोन आला होता. त्याला वाटलं, बोट माझ्याकडं आहे म्हणजे पोरगी माझ्या जबाबदारीवर आहे. म्हणाला, "बद्रीशेट, तुमची ती मास्तरीण आज आल्ती. यष्टीनं. मी नगं म्हनलं तर दुसऱ्याच्या तराफ्यावर बसली. दुपारचा वारा लई व्हता. धीराची हाय, पर तराफा तो तराफाच. बोटीचं काय झालं ओ? पत्रा भेटंना व्हय?"

मी म्हटलं, "भेटला."

ती घरी काय सांगून गेली होती, मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटलं, ती कुठं आहे? लायब्ररीत? चावी काढून घेतली, स्कूटी अडवली, बोट अडवली, आणि पोरगी पुन्हा त्याच थर्माकोलच्या तुकड्यावर, जिथून तुम्ही पडलात. तुमच्या आणि माझ्या दोन्ही कुलपांनी मिळून तिला तिथं नेऊन बसवलं.

हेही मी तुम्हाला लगेच लिहिणार होतो. पाकिटावर पत्तासुद्धा घातला. मग आशाबाई म्हणाली, "पुन्हा?" मी पाकीट ठेवून दिलं. आज लिहितोय कारण आज मी बिल्किसला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिखो चाचा. अब छुपाना नक्को."

कडूबाच्या फोननंतर काम हाती घेतलं आणि पुरं केलं. ऐका, कारण हे ऐकायचा हक्क तुमचा आहे.

बोट चितेगावला आप्पासाहेबांच्या शेततळ्यात नेली. त्यांच्या गोठ्याच्या खिडक्या मी केल्यात, त्यामुळं नाही म्हणाले नाहीत. तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटू नये म्हणून काठाला पोती अंथरली. मी स्वतः ओट्यावर उभा राहिलो. काठाच्या बरोबरीचा ओटा, माझी उंची, माझं वजन. बोट अशी झोकांडली की आप्पासाहेब काठावरून ओरडले, "बद्रीनाथराव, आमच्या विम्यात तुम्ही नाही!" मी उतरलो. परत आलो. सगळे रिवेट फोडले. ओटा चार इंच खाली घेतला. ती म्हणाली होती तेवढाच. ती समोर नव्हती म्हणून बरं.

ओल्या जाळ्याच्या खणाला खाली जाळी ठेवली, पाणी बोटीच्या तळात निथळतं. कोरड्या खणाच्या झाकणाला रबर, खिडकीला बसवतो तसंच, पण दुपदरी. त्याच्या कडीला कुलूप. खणांच्या खाली जी पोकळी उरली तिथं थर्माकोल ठासून पत्र्यानं बंद केलं. थर्माकोलवर तिनं बसू नये, थर्माकोलनं तिला तरंगत ठेवावं. बोट पाण्यानं भरली तरी पुढचं टोक बुडणार नाही. शेततळ्यात भरून पाहिलं. नाही बुडत.

आता दुसरं. दवाखान्याच्या खिडक्यांचा दर कुणी फोडला, ते मला सांगू नका.

रागानं म्हणत नाही. ही गोष्ट कळायला बोटभर अंतर उरलं होतं. पण पोरीची बोट अडवून मिळालेलं नाव घेऊन मी करू काय? जे नाव येईल त्यावरही मी संशयच घेईन. मला माझं ठाऊक आहे. तेव्हा ते तुमच्याजवळच राहू द्या. चहाचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही पुन्हा बोलणार नाही, हे मी धरून चाललो आहे.

रविवारी सकाळी पैठणला, भोयांच्या घाटावरून बोट पाण्यात जाईल. ती पुढं, कडूबा वल्ह्यावर, मी मागं. मागं वजन लागतं म्हणून. मलाही पोहता येत नाही. हे निमंत्रण नाही, नुसती माहिती आहे.

बद्रीनाथ


गारखेडा
१९ फेब्रुवारी

दाऊद,

काल झालं ते सांगतो. तिथं नव्हतास असं धरून सांगतो.

आम्ही तिघं निघालो. मला नारिंगी जाकीट घातलं होतं. आशाबाई काठावरून म्हणाली, "पिकली पपई दिसता." बिल्किसला इतकं हसू आलं की तिनं ओट्यावर बसून घेतलं. मग उभी राहिली. मी तिच्या पायांकडं बघत होतो, बाकी कशाकडं नाही. पत्र्यावर पाय घट्ट. बोट बोटभर पुढं वाकली आणि तिथंच थांबली. ती मागं न बघता म्हणाली, "चाचा, उंची बरोबर आहे." मी म्हटलं, "माझ्याच मापानं केलीय." कडूबा माझ्याकडं बघून खोकला.

पहिलं जाळं झकास पडलं. दुसऱ्या जाळ्याला खाली बुडालेल्या बाभळीचं खोड लागलं. ती ओढायला गेली, जाळं येईना, आणि बोटीचं तोंड एका अंगाला फिरून खाली दबलं. पाणी काठापासून चार बोटांवर. कडूबा ओरडला, "सोड वं माय, सोड!" मी जागचा हललो नाही. हललो असतो तर तोल गेला असता, हे कळत होतं. तिनं दोर सोडला आणि झटकन ओट्यावर खाली बसली. तोंड वर आलं. बोट दोनदा डुलली आणि स्थिर झाली. एक थेंब आत आला नाही.

बोट दबली होती तेव्हाच मी काठाकडं बघितलं होतं.

घाटापासून बाजूला, वेड्या बाभळींच्या आडोशाला एक मोटारसायकल उभी होती. तिच्याशेजारी एक माणूस, डोक्यात हेल्मेट. गाडी बंद करून, सावलीत उभं राहून हेल्मेट कोण घालतं? घाटावरून निघतानाच मी त्याला हेरलं होतं. मी कसा आहे, तुला माहीत आहे. पण बोट दबली तेव्हा तो माणूस पळत सुटला, आणि सरळ पाण्यात शिरला. बुटांसकट. पॅन्टसकट. गुडघ्यापर्यंत. हात पुढं करून, जणू तिथून तिला धरता येणार होतं.

बोट स्थिर झाली तरी तो तिथंच उभा. पाण्यातच. बराच वेळ.

कडूबा म्हणाला, "कोन हाय ओ ते येडं? बुटासकट पान्यात?"

मी म्हटलं, "आसंल कुनी."

बिल्किसची पाठ काठाकडं होती. मी तिला काही बोललो नाही. तिनं जाळं सोडवलं, मासे मोजले, कुठल्यातरी माशाचं लांबलचक नाव कडूबाला शिकवायला लागली. आम्ही परत आलो तेव्हा मोटारसायकल गेलेली होती. ओल्या बुटांचे ठसे चिखलातून रस्त्यापर्यंत.

गाडीचा नंबर मला तिथून वाचता आला असता. दूरचं मला अजून चष्म्याशिवाय दिसतं. मी वाचला नाही.

पुढच्या महिन्यात तिला परत जायचंय. मी मागं बसेनच. वजन थोडं कमी पडतं, कडूबाही तेच म्हणाला. मागच्या फळीवर अजून एक माणूस बसला तर तोंड नीट वर राहील. फळी मी रुंद करून घेतोय, दोघांपुरती.

बूट उन्हात ठेवू नकोस, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, सावलीत ठेव, आणि बोळे सकाळ-संध्याकाळ बदल.

बद्री